ग्रामसभेतला नकाशा आणि बारावीचा भूगोल

गोव्यातल्या आमच्या गावच्या एका ग्रामसभेत नकाशा भिंतीला चिकटवला होता. डोंगराच्या एका अंगाच्या जमिनीचं झोन बदलायचं चाललंय अशी कुणकुण लागलेली, त्यामुळे त्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त लोक आलेले, हॉल भरून बाहेर व्हरांड्यात उभे. सगळे नकाशासमोर गर्दी करून बघतायत, कोण म्हणतो हा आमचा वाडा, कोण म्हणतो नाही नाही ती तळी, आणि त्या कागदावर आपण नेमके कुठे आहोत हे हॉलमधल्या कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मलाही नाही. मी बारावीला भूगोल घेतलेला माणूस आहे, म्हणून ते जास्त लागलं.

शेवटी बोलली ती आमच्याच वाड्यावरची एक मुलगी, बारावीत शिकणारी. सरपंच म्हणाले, सांग गो बाय, काय ते. तिने कंपासपेटीतली पट्टी काढली, देवळापासून तिठ्यापर्यंतचा रस्ता नकाशावर मोजला आणि म्हणाली की हे अंतर प्रत्यक्षात किती आहे ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण नकाशावर छापलेल्या प्रमाणाने गुणलं तर ते बरंच कमी येतंय, म्हणजे हा नकाशा लहान करून झेरॉक्स काढलेला आहे. कागद लहान झाला तरी वर छापलेले आकडे तेच राहतात, त्यामुळे असं अंकप्रमाण झेरॉक्स काढल्याबरोबर खोटं ठरतं. पट्टीसारखं काढलेलं रेषाप्रमाण असतं तर तेही कागदाबरोबर तेवढंच आक्रसलं असतं आणि खरं राहिलं असतं, पण ती पट्टी कापताना गेलेली होती. अकरावीच्या प्रॅक्टिकलच्या पहिल्या काही पानांवरची गोष्ट आहे ही. पण त्या एका गोष्टीमुळे त्या दिवशीचा ठराव थांबला, मूळ नकाशा आणा मग बघू असं ठरलं, आणि मूळ नकाशा आल्यावर ज्या जागेबद्दल आपण बोलत होतो ती वाटत होती त्यापेक्षा किती मोठी आहे ते लोकांना कळलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हा विषय जात नाही. गोव्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जेवढी म्हणून मोठी भांडणं झाली त्यातली बहुतेक भूगोलाची आहेत, आणि भूगोल हाच विषय आपण बारावीत सगळ्यात हलका धरलाय. दहावीला मार्क कमी पडले की आर्ट्स, आर्ट्सला गेलं की भूगोल, कारण त्यात नकाशा भरायचे मार्क हमखास मिळतात, असा आपल्या घराघरांतला हिशोब. माझं म्हणणं असं की बारावीचा भूगोल अवघड करा. खरोखर अवघड, आणि तो वर्गाबाहेर न्या, प्रत्येक मुलाला स्वतःच्या गावच्या जमिनीवर उभं करा. आणि सायन्स-कॉमर्सच्या मुलांनाही तो घेता आला पाहिजे.

भांडणं भूगोलाची म्हणजे काय ते सांगतो. २००६ साली प्रादेशिक आराखडा २०११, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा नकाशा, अधिसूचित झाला तेव्हा गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. ते आंदोलन लोकांनी नकाशे बघून केलेलं, कुठे हिरव्याचं पिवळं झालंय, म्हणजे झोन बदललाय, ते शोधून काढून. मग आराखडा २०२१ आला, गावागावांत नकाशे पाठवले गेले, सूचना मागवल्या. मग टीसीपी, म्हणजे नगर नियोजन कायद्यात आराखड्यातलं झोन बदलायची वाट देणारं कलम १७(२) आलं, त्याखालचे नियम मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने रद्द केले, आणि आता तशाच ३९अ कलमावरून बोलणं चाललंय. प्रत्येक वेळी सामान्य माणसासमोर येतो तो एक सर्व्हे नंबर आणि एक रंगवलेला कागद. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा काढायला आपल्याला येतो, वकिलाकडे जायला येतं, पण त्या सर्व्हे नंबरची जमीन किती उताराची आहे, तिथलं पावसाचं पाणी कुठल्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला जातं, खाली कोणाची विहीर आहे, हे सर्व्हे प्लॅनवर लिहिलेलं नसतं. त्यावर फक्त हद्दी असतात, उंचसखलपणा नाही. उंचसखलपणा असतो सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे स्थलदर्शक नकाशावर. हे दोन कागद एकमेकांवर ठेवून वाचणारा माणूस गावात हवा, आणि ते काम शिकवणारा शाळेतला विषय भूगोल.

यात फार गहन काही नाही, म्हणून उदाहरण करूनच दाखवतो. टोपोशीटचं प्रमाण १:५०,००० असतं, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, दर २० मीटर उंचीला एक. आता २५ टक्के उतार म्हणजे १०० मीटर आडवं गेल्यावर २५ मीटर चढ, म्हणजेच २० मीटर चढायला ८० मीटर आडवं. ते ८० मीटर कागदावर होतात १.६ मिलिमीटर. म्हणजे कुठल्याही डोंगरावर दोन समोच्च रेषांमधलं अंतर १.६ मिलिमीटरपेक्षा कमी दिसलं की तो उतार २५ टक्क्यांच्या वरचा, तिथे डोंगर कापायला निघालेल्या माणसाला आपण उभं राहून प्रश्न विचारायला हवा. एवढ्या लहान प्रमाणावरून एका प्लॉटचा निकाल लागत नाही हेही खरं आणि तेही मुलाला समजलं पाहिजे, की या नकाशावरून फक्त शंका घेता येते, पुढे जागेवर जाऊन मोजावं लागतं. बारावीच्या मुलाला हे दोन तासांत येईल. पण ते त्याने पुस्तकातल्या कुठल्यातरी अनोळखी टेकडीवर केलं तर विसरणार, आणि आपल्या घरामागच्या डोंगरावर केलं तर मरेपर्यंत लक्षात ठेवणार.

माझं स्वतःचं काय झालं ते सांगतो. नव्वदच्या दशकात बारावी केली. आमच्या हायर सेकंडरीपासून नदी पाच मिनिटांच्या अंतरावर, खिडकीतून बार्जचा आवाज यायचा. नदीचं कार्य हा धडा आम्ही पाठ केला, नागमोडी वळणं, पूरमैदान, नालाकृती सरोवर, सगळ्याच्या आकृत्या शेडिंगसकट काढल्या, आणि त्या दोन वर्षांत एकदाही कोणी आम्हाला नदीवर नेलं नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल आदल्या बॅचच्या जर्नलवरून उतरवलं. क्षेत्रभेटीचा अहवाल तर आमच्या आधी चार वर्षं तोच चालत आलेला, त्यात ज्या गावाची भेट लिहिलेली त्या गावात मी आजपर्यंत गेलेलो नाही. शिक्षक वाईट नव्हते, त्यातल्या एकांमुळेच मला विषय आवडला. पण पोर्शन, परीक्षा आणि बाहेर न्यायचं म्हणजे परवानग्या यात तो माणूस तरी काय करणार होता. पण त्या नदीचं पाणी तेव्हा लाल होतं, गाळाने भरत होती ती, आणि आम्ही गाळाचं निक्षेपण पुस्तकातून पाठ करत होतो. ही चुटपुट मला अजून आहे.

कारण ज्या खाणींच्या मातीने ते पाणी लाल झालेलं त्याच खाणींवरून पुढे सगळं राज्य थांबलं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परत परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागात ट्रक घेतलेली, गॅरेज टाकलेली, खानावळ चालवणारी किती घरं त्यात अडकली ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. आता मला सांगा, खनिज कुठल्या पट्ट्यात आहे, डंपातली, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगातली माती पावसात कुठे जाते, एका उद्योगावर अख्खा तालुका उभा केला की काय होतं, हे बारावीच्या मानवी भूगोलाचं आणि प्राकृतिक भूगोलाचं अगदी मधलं दुखणं आहे. ज्या मुलाचा बाप ट्रक विकून बसला त्या मुलाला हा विषय समजावून सांगायची गरज नाही, त्याच्याकडे अर्धा धडा आधीच आहे, फक्त तो मोजायला आणि मांडायला शिकवायचाय.

माझी भाची यंदा बारावीत आहे, तिच्या टेबलावर एनसीईआरटीची पुस्तकं असतात. मी ती वाचली. पुस्तकं चांगली आहेत, हे आधी सांगतो, उगीच नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. त्यात नियोजनाच्या धड्यात हिमाचलमधल्या भरमौरचा अभ्यास आहे, राजस्थानातल्या इंदिरा गांधी कालव्याचा आहे. कालव्याने वाळवंटात शेती आली पण पुढे जमिनीत पाणी साचून राहिलं आणि मिठाचं प्रमाण वाढलं, हे त्यात नीट समजावलंय. हे वाचलं आणि मला आमचं खाजन आठवलं, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल भातजमीन. जमिनीत मीठ येणं हा प्रश्न गोव्याने शेकडो वर्षांपूर्वी हातात घेतला आणि सोडवला, बांध घालून, मानस म्हणजे पाण्याची दारं बसवून. भरतीचं पाणी आलं की मानशीची दारं पाण्याच्याच दाबाने बंद होतात, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून उघडतात, ना वीज ना इंजिन. आत पोय, म्हणजे ते पाणी खेळवणारा चर, आणि त्याच्या कडेने कोरगूट भात, जे खारेपणा सोसतं. पावसाने मीठ धुऊन जायचं, भात व्हायचं, मग मासळी. अशी साधारण १८,००० हेक्टर जमीन गोव्यात होती असं म्हटलं जातं. त्यातली किती आता बांध फुटून खाऱ्या पाण्याखाली आहे, किती भराव घालून गेली, किती नुसती पडीक आहे, हे आपल्या डोळ्यांसमोर घडतंय, आणि खाजनच्या शेजारच्या हायर सेकंडरीतली मुलं मिठाच्या जमिनीवर राजस्थानचं उदाहरण लिहून मार्क मिळवतात. राजस्थान शिकवू नका असं मी म्हणत नाही. राजस्थान शिकल्यावर सायकल काढून मानशीवर जा, बांध कुठे गळतोय बघा, गावच्या म्हाताऱ्याला विचारा की दारं कोण बदलायचं आणि आता का बदलत नाही, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून लिहा. तेव्हा तो ॲडव्हान्स भूगोल.

शब्दांबद्दल पण थोडं बोलायचंय. आपल्या लोकांकडे जमिनीचे किती बारीक शब्द आहेत. मरड, खेर, खाजन या भातशेतीच्या तीन जमिनी, पावसाळी सरद आणि हिवाळी वायंगण ही दोन पिकं, सडा, व्हाळ, कोंड, झर, आणि सत्तरीत म्हादईच्या पात्रातल्या गाळावर पाणी उतरल्यावर करतात ती पुरण शेती. यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक निरीक्षण आहे, उतार किती, पाणी किती दिवस राहतं, माती कसली, हे सगळं त्यात बसलंय. आमची मुलं प्राथमिक मराठीतून करतात, मग इंग्रजीत जातात, आणि बारावीला येईपर्यंत त्यांच्याकडे पुस्तकातला शब्द एका कप्प्यात आणि आजोबांचा शब्द दुसऱ्या कप्प्यात असतो, दोघांची कधी गाठच पडत नाही. माझ्या भाचीला लॅटराईट प्लॅटो माहीत होता, तिच्या आजोळचा सडा म्हणजे तोच हे तिला मी सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. ती हुशार आहे, पण दोन गोष्टी जोडायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि सडा म्हणजे पडीक खडक असं समजणारा माणूस पुढे अधिकारी झाला की फाईलवर पडीक जमीन असं लिहून मोकळा होतो. सड्याच्या सच्छिद्र जांभ्यात पाणी मुरतं आणि पायथ्याला झर होऊन बाहेर येतं, कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, त्यावर उभी आहेत, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

म्हादई नदीच्या पाणीवाटपाचं तर काय सांगू. टीव्हीवर, सभांत, चहाच्या गाड्यावर सगळे बोलतात आणि बोलताना टीएमसी हा शब्द वापरतात, मी दहा जणांना विचारलं असेल की एक टीएमसी म्हणजे किती, दोघांना सांगता आलं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २.८३ कोटी घनमीटर. पाणीतंट्याच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा या दोन उपनद्यांचं मिळून खोऱ्याबाहेर वळवायचंय, आणि लोक म्हणतात एवढंसं पाणी, आपल्याला केवढं जास्त दिलंय. इथे भूगोल शिकलेल्या मुलाने हात वर करून विचारायला पाहिजे, कुठल्या महिन्यात? कारण मांडवीचं (म्हादईलाच खाली मांडवी म्हणतात) बहुतेक सगळं पाणी पावसाच्या चार महिन्यांत वाहून जातं, आणि मार्च-एप्रिल-मे मध्ये नदीत असतं ते वरच्या जंगलातून झिरपणारं थोडंसं पाणी. खोरं सगळं मिळून २,०३२ चौरस किलोमीटर, त्यातलं १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात, पण वरचा डोंगराळ भाग, जिथून उन्हाळ्यात पाणी येतं, तो लहान असला तरी त्याचं महत्त्व क्षेत्रफळाच्या हिशोबात दिसत नाही. खालून समुद्र ढकलत असतो. भरती गांजेपर्यंत जाते, समुद्रापासून जवळपास ५० किलोमीटर आत. उन्हाळ्यात वरून गोडं पाणी कमी झालं की खारं पाणी तेवढं वर सरकतं, मग नदीकाठच्या विहिरी, बागायती, मासळी, सगळ्याचा प्रश्न येतो. वर्षाचा एकूण आकडा आणि महिन्याचा आकडा यातला फरक ज्याला कळला त्याला म्हादईचं अर्धं भांडण कळलं. आणि यात देशभक्तीचं, आमचं-तुमचं काही नाही. कर्नाटकातला मुलगा हाच अभ्यास करून हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मांडेल, तोही खरा आहे, त्यानेही मांडावा. दोन्हीकडची मुलं एकाच आलेखावर बोलायला लागली तर निदान बोलणं तरी होईल.

इंग्लंडमध्ये शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत भूगोल घेणाऱ्या मुलांना काय करावं लागतं ते बघितलं तर आपण कुठे आहोत ते समजतं. ए-लेव्हलच्या भूगोलात निदान चार दिवस फिल्डवर्क सक्तीचं आहे, आणि प्रत्येक मुलाने स्वतःचा प्रश्न स्वतः ठरवून, स्वतः मोजमाप करून अहवाल लिहायचा, त्याला एकूण मार्कांच्या २० टक्के वजन. बदलत्या जागा नावाचा भाग असतो, त्यात मूल आपल्याच राहत्या भागाचा अभ्यास करतं, लोक कोण आले, कोण गेले, धंदे कसे बदलले. तिथे किनारा बघायला कित्येक शाळांना तासन्‌तास बसमधून जावं लागतं. आपल्याकडे ३,७०२ चौरस किलोमीटरमध्ये किनारा, खाडी, खाजन, सडा, खाण, धरण, घाट, अभयारण्य, सगळं एका दिवसात जाऊन परत घरी येण्याच्या अंतरावर. साळावलीच्या धरणात बुडालेलं कुर्डी गाव दर उन्हाळ्यात पाण्यातून वर येतं, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते, मे महिन्यात तिथले लोक परत येऊन देवळापाशी जमतात. स्थलांतर आणि पुनर्वसन यावर याहून मोठा धडा कुठलं पुस्तक देणार आहे? धरणाचं पाणी दक्षिण गोव्याच्या नळाला येतं, आणि नळ उघडणाऱ्या मुलाला कुर्डी माहीत नाही. एका बसचा खर्च आहे हा.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण पालक-शिक्षक सभेत मी हे बोललोय. पहिलं म्हणजे स्कोप काय. स्कोपचं उत्तर मी थोडक्यात देतो, कारण मला तो मुख्य मुद्दा वाटत नाही. जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि रिमोट सेन्सिंग येणाऱ्या माणसाला आज काम आहे, २०२१ मध्ये केंद्राने नकाशांच्या डेटावरचे जुने निर्बंध सैल केले, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं, यूपीएससीला भूगोल घेणारे कायम असतात, आणि आपल्याच घरी दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे जिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमा चालतात. झालं. पण डॉक्टर, इंजिनियर, हॉटेलवाला कोणीही झाला तरी तो गोव्यात जमीन घेणार, घर बांधणार, ग्रामसभेत हात वर करणार, म्हणूनच मी म्हणतो की सायन्सच्या मुलालाही हा विषय उघडा पाहिजे.

दुसरं म्हणजे सुरक्षितता. पावसात मुलांना नदीवर, डोंगरावर कोण नेणार, काही झालं तर जबाबदार कोण. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, नदी काय करू शकते ते आम्ही २०२१ च्या जुलैत बघितलंय, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हणाले त्याला, सत्तरीत पैकुळचा पूल गेला, मातीच्या भिंतींची घरं बसली. पण त्याच पुराने मला उलट वाटायला लागलं. त्या रात्री पाणी कुठपर्यंत येणार याचा अंदाज गावात दोन-तीन म्हाताऱ्यांना होता, ज्यांनी १९८२ बघितलेलं, बाकी कोणाला नाही. ते म्हातारे आणखी दहा वर्षांनी नसतील. पाणी कुठे आलेलं त्या खुणा भिंतींवर होत्या, महिन्याभरात लोकांनी चुना मारला. बारावीच्या वीस मुलांनी ऑगस्टमध्ये, पाणी उतरल्यावर, टेप घेऊन घराघरांत जाऊन त्या खुणा मोजल्या असत्या आणि नकाशावर टाकल्या असत्या तर आज गावाकडे पूररेषा असती, स्वतःची. त्याला पुरात उतरावं लागत नाही, चपला घालून वाड्यावर फिरावं लागतं.

आणि असा अभ्यास नसला की काय अडतं तेही कळतं मग. ३० जुलै २०२४ ला वायनाडला दरड कोसळली, दुसऱ्याच दिवसाच्या तारखेची पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना आली, त्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर होते, म्हणजे राज्याचा साधारण ३९ टक्के भाग. लगेच आपल्याकडे ओरड सुरू झाली की आमचं गाव वगळा. वगळायचं की ठेवायचं हे गावाने ठरवावं, पण गावातल्या कोणाला तरी सांगता यावं की आपला उतार कसा आहे, माती किती खोल आहे, झाडं कुठली गेलीत. नुसतं भीतीने हो आणि भीतीनेच नाही, असं किती दिवस करणार?

तिसरा मुद्दा वेळेचा, आणि इथे मला एक गोष्ट चांगली झाली असं वाटतं. बारावीचं वर्ष आता एप्रिलमध्ये सुरू होतं. एप्रिलच्या उन्हात मुलांना शाळेत बसवतात म्हणून पालक वैतागलेले, मीही वैतागलेलो. पण भूगोलाच्या दृष्टीने हे सोनं आहे, कारण आधी पावसाळ्यापूर्वीचा गोवा मुलांच्या वहीत येतच नव्हता. आता एकाच मुलाला एकाच वर्षात एप्रिलमध्ये विहिरीची पातळी मोजता येते, जुलैच्या शेवटी मोजता येते, आणि चवथीच्या धामधुमीनंतर ऑक्टोबरमध्ये परत. दोरीला दगड बांधून सोडायचा आणि दोरी टेपने मोजायची, एवढंच साधन. तीन आकडे, एका मुलाचे तीन विहिरींचे नऊ. वीस मुलांचे एकशे ऐंशी. आणि ते फेकून न देता पुढच्या बॅचला द्यायचे, म्हणजे आमच्या वेळी जर्नल खाली उतरायचं तसं हे उतरेल, पण कॉपी म्हणून नाही, पुढची मुलं त्यात स्वतःचे आकडे घालतील.

गोव्यात १९१ पंचायती आहेत. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, तिची नोंदवही असायला हवी, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली हे आहे. बारावीच्या भूगोलाचा अहवाल त्या पंचायतीत जमा झाला पाहिजे, सचिवाच्या सही-शिक्क्यासह, आणि ग्रामसभेत मुलाने उभं राहून दहा मिनिटं तो सांगितला पाहिजे, मराठीत, कोंकणीत, जसं येईल तसं. परीक्षकाने मार्क द्यायचे ते द्यावेत, पण ज्यांच्या विहिरी मोजल्या ते लोक समोर बसलेले असतील तर कोणी खोटे आकडे लिहिणार नाही. आमच्या वेळी आम्ही न बघितलेल्या गावाचा अहवाल लिहू शकलो कारण तो अहवाल त्या गावातलं कोणी वाचणारच नव्हतं.

२०२७ ची जनगणना आता तोंडावर आलीय. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि ६२ टक्के लोक शहरी म्हणून मोजले गेले, आणि त्यातली कितीतरी शहरं म्हणजे कागदावर अजून पंचायतीच आहेत. नवे आकडे येतील तेव्हा आपल्या गावात बाहेरून कोण आलं, कोण परदेशी गेलं, किती घरं कुलूपबंद आहेत यावर पुन्हा भांडणं होणार, नुसत्या रागाने. बारावीच्या मुलाने एका वाड्याचा घरोघर सर्व्हे केला तर त्याला दिसेल की कुलूपबंद घर, भाड्याची खोली, गल्फमधला काका आणि झारखंडहून आलेला गवंडी हे सगळे एकाच नकाशावर आहेत. त्यानंतर तो जे काही बोलेल ते मला ऐकायला आवडेल, माझ्या विरुद्ध असलं तरी.

शिक्षकांसाठी एक मागणी आहे फक्त. शिक्षकाला आठवड्यातली एक दुपार मोकळी द्या, सलग तीन तासांची, टाइमटेबलमध्ये छापून. चाळीस मिनिटांच्या पिरियडमध्ये मुलांना गेटबाहेर काढून परत आणण्यातच वेळ जातो. आणि प्रत्येक हायर सेकंडरीत आपल्या तालुक्याचं टोपोशीट भिंतीवर लावा, हात लावता येईल अशा उंचीवर, काचेत घालून ऑफिसात नको.

भाचीने तिच्या अहवालासाठी घरामागचा व्हाळ घेतलाय. तिला बघायचंय की वरच्या बाजूला काँक्रीटचा रस्ता झाल्यापासून पावसानंतर पाणी किती लवकर चढतं आणि किती लवकर उतरतं. आधीचे आकडे कोणाकडेच नाहीत, त्यामुळे रस्ता नसलेला शेजारचा व्हाळ तिने तुलनेला घेतला, हे तिचं तिनेच सुचवलेलं. दोन्हीकडे बांबूला रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून रोवल्यात. एका वेळी दोन ठिकाणी तिला उभं राहता येत नाही, म्हणून दुसऱ्या व्हाळावर मी असतो, हातात वही, दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा. मागच्या रविवारी पाऊस थांबल्यावर माझ्या व्हाळाचं पाणी पाऊण तास वाढतच होतं आणि तिचा फोन आला, मामा, इथलं उतरायला लागलं, तुझं किती?